बाळू पालवणकर : मैदान आणि मतदारसंघ

मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाच्या इतिहासात भायखळा-परळ या मतदारसंघाचे नाव घेतले जाते ते १९३७ च्या निवडणुकीमुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वर्षी याच मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसतर्फे कोण उभे होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते उमेदवार होते बाळू पालवणकर, हिंदुस्थानी क्रिकेटच्या पहिल्या पिढीतील अव्वल दर्जाचे गोलंदाज. दोघेही अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात जन्मलेले, दोघांचेही वडील लष्करी सेवेतले, आणि दोघांच्याही सह्या १९३२ च्या पुणे करारावर झालेल्या. त्या कराराने निर्माण केलेल्या एका जागेसाठी हे दोघे परस्परांसमोर उभे राहिले. हा प्रसंग का उद्भवला, हे समजून घ्यावयाचे तर बाळूंचे चरित्र मुळापासून पाहिले पाहिजे.

पालवणकर घराण्याचे मूळ गाव कोकणातील पालवण. आडनावही त्यावरूनच पडले. बाळूंचा जन्म मात्र १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. कुटुंब चर्मकार समाजातील. वडील लष्करात नोकरीस असल्याने बिऱ्हाड पुढे पुण्यास आले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल या चौघाही भावांनी पुढे क्रिकेटमध्ये नाव मिळविले. छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडू-फळ्यांवर थोरल्या दोघांनी खेळाचे पहिले धडे गिरविले. शाळेचे शिक्षण फार झाले नाही. घरची स्थितीही तशी नव्हती.

पुण्यात बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरविणे, आणि सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे, हे काम. पगार महिना तीन रुपये. पुढे, १८९२ च्या सुमारास, युरोपियनांच्या पूना क्लबात ते चार रुपयांवर रुजू झाले. तेथे जाळी उभारणे, मैदान राखणे ही कामे करता करता गोऱ्या फलंदाजांना तासन् तास गोलंदाजी करण्याची संधी त्यांना मिळाली. त्या काळचे नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग हे त्यांतलेच एक. इतर मंडळी येण्यापूर्वी येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत, आणि बाद झाले की दरखेपेस बाळूंना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतील हिशोब बाजूस ठेवला तरी एक गोष्ट निश्चित : डावखुऱ्या मंदगती फिरकीवर बाळूंनी जे असामान्य प्रभुत्व मिळविले, ते या मजुरीतूनच. फलंदाजी ही साहेबलोकांची मिरास होती; चाकराने चेंडू टाकावेत, बॅट हाती घेऊ नये, असा तेथला शिरस्ता होता.

पुण्यातील हिंदू क्लबास युरोपियनांविरुद्ध सामने जिंकावयाचे होते, आणि गावातला सर्वोत्तम गोलंदाज तर अस्पृश्य. त्यास संघात घ्यावे की न घ्यावे, यावर मंडळींत दोन तट पडले. अखेर खेळाची गरज जिंकली व बाळू संघात आले. परंतु सोवळे सुटले नाही. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे; चहाच्या सुटीत मात्र इतरांना मंडपात चिनी मातीच्या कपांतून चहा मिळे आणि बाळूंना बाहेर उभे राहून फेकून देण्याजोग्या मातीच्या भांड्यातून. जेवणाचे पानही निराळे मांडले जाई. हा दुटप्पीपणा बाळूंनी मुकाट्याने सोसला, आणि उत्तर दिले ते चेंडूने. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्ध त्यांच्या गोलंदाजीमुळे विजय मिळाला, तेव्हा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर सभेत त्यांचा सत्कार केला. ज्यास पंगतीत स्थान नव्हते, त्यास सभेत हार मिळू लागला.

१८९६ मध्ये मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान मांडले. शतक संपण्यापूर्वीच बाळू मुंबईस आले. काही काळ त्यांनी पलटणीतही काढला. पुढे त्यांना बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि त्या रेल्वेच्या संघातून ते खेळू लागले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यानेही त्यांना आपल्या संघात घेतले. येथेही प्रारंभी कुरबूर झालीच. पण मुंबईचे वारे पुण्याहून निराळे होते. गिरणी, रेल्वे आणि आगगाडीचा डबा यांनी जातीजातींतील अंतर नाइलाजाने का होईना कमी केले होते.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. हिंदूंच्या धावा २४२ व १६०, तर युरोपियनांच्या १९१ व १०२. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा व शिवराम यांच्या खेळाचा वाटा मोठा होता. या सामन्याची चर्चा केवळ क्रिकेटपुरती राहिली नाही. पुण्यात ज्यास बाहेर चहा मिळत होता, त्याच्यासमवेत मुंबईत सहकारी एका पंगतीस बसू लागले, ही सामाजिक प्रगतीची खूण होय, अशा आशयाचे विवेचन सुधारकी मताच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने केले. खेळाच्या मैदानावर जे साधले ते धर्माच्या व राजकारणाच्या क्षेत्रातही साधेल, ही आशा त्या काळी अनेकांनी बाळगली होती. बाळूंच्या पुढील राजकीय भूमिकेचे बीज या अनुभवात आहे.

१९११ साली पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली सर्व जातिधर्मांच्या खेळाडूंचा पहिला हिंदी संघ इंग्लंडला गेला. बाळू व शिवराम हे दोघेही त्या संघात होते. महाराजांचे लक्ष मैदानापेक्षा लंडनमधील मेजवान्यांकडेच अधिक राहिले. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० सामने संघाने गमावले. जिंकले ते केवळ दोन. या निराशाजनक दौऱ्यात एकटे बाळू उठून दिसले. खांद्याच्या दुखण्याने बेजार असतानाही त्यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. पैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. त्या वेळी त्यांची पस्तिशी उलटून गेली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा जाहीर सत्कार केला. या प्रसंगी अर्पण केलेले मानपत्र एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांनी तयार केले होते, असे सांगितले जाते. त्या काळी अस्पृश्य समाजातील मुलांपुढे ठेवण्याजोगे, इंग्रजाने व सवर्णाने दोघांनीही मानलेले असे नाव बाळूंचेच होते. अभिमानाने सांगावा असा तो पराक्रम होता.

परंतु मान मिळाला तरी अधिकार मिळाला नाही. १९१२ पासून हिंदू, पारशी, मुसलमान व युरोपियन अशा चार संघांची चौरंगी स्पर्धा सुरू झाली. हिंदू संघातील सर्वांत अनुभवी व सर्वांत यशस्वी खेळाडू बाळू; पण कर्णधार निवडताना दरवर्षी दुसरेच नाव पुढे येई. अस्पृश्याच्या आज्ञेत सवर्णांनी खेळावे, ही कल्पना निवड करणाऱ्यांना पेलवत नव्हती. १९२० साली तर बाळूंना पहिल्या सामन्यातून वगळण्यात आले, आणि कर्णधारपद पालवणकर बंधूंपेक्षा कनिष्ठ खेळाडूस देण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतले. गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या प्रचारामुळे लोकमतही पालटू लागले होते. वादळ उठताच बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावण्यात आले, भाऊही परतले, आणि अंतिम सामन्यात कर्णधार पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. तेवढेच त्यांचे कर्णधारपद. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, हा त्यांच्या कारकिर्दीचा गोषवारा.

थोरल्यास जे नाकारले ते धाकट्यास मिळाले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले व त्या वर्षी संघाने स्पर्धा जिंकली. विजयानंतर सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. विठ्ठल यांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. पालवणकर घराण्याची हकिकत टिकून राहिली ती पुष्कळशी या पुस्तकामुळे. ज्या कुटुंबास शिक्षण दुर्मीळ होते, त्यातील एकाने आपली कहाणी ग्रंथरूपाने मागे ठेवली, ही गोष्ट ग्रंथप्रेमी वाचकांस विशेष वाटेल.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळूंचे लक्ष सार्वजनिक कार्याकडे वळले. तोपर्यंत विधिमंडळात अस्पृश्यांना निवडून येण्याचा मार्गच नव्हता. १९१९ च्या सुधारणा कायद्याखाली मुंबई शहराचे उत्तर व दक्षिण असे सर्वसाधारण मतदारसंघ होते. परंतु अस्पृश्यांचे प्रतिनिधी सरकारने नेमावयाचे, अशी रीत होती. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर व डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांची मुंबई कायदेमंडळावर अशीच नेमणूक झाली. नेमलेला प्रतिनिधी सरकारचा की समाजाचा, हा प्रश्न त्या रीतीत कायमचाच होता. तो सोडविण्याचे दोन मार्ग होते. अस्पृश्यांचे मतदारसंघच निराळे करावेत, हा एक. आणि मतदारसंघ सर्वांचा एकच ठेवून काही जागा राखून ठेवाव्यात, हा दुसरा. गोलमेज परिषदेत आंबेडकरांनी पहिला मार्ग उचलून धरला. सवर्णांच्या मतांवर निवडून येणारा अस्पृश्य सवर्णांचाच मिंधा राहील, ही त्यांची भीती होती. मद्रासचे एम. सी. राजा आणि मुंबईचे बाळू पालवणकर यांनी दुसरा मार्ग पत्करला. वेगळेपणाने दुरावा वाढेल, एकत्र राहूनच तो मिटेल, अशी बाळूंची श्रद्धा होती. मातीच्या भांड्यापासून एका पंगतीपर्यंतचा प्रवास त्यांनी स्वतः केला होता. त्याच प्रवासात कर्णधारपदाचे दार शेवटपर्यंत बंद राहिले, हेही खरेच. पण त्यांनी वजन दिले ते पहिल्या अनुभवास.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरपासून येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभिले. दिवसरात्र वाटाघाटी होऊन २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ रद्द झाले; त्याऐवजी प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्यांना मिळावयाच्या जागा ७१ वरून १४८ झाल्या. पैकी १५ मुंबई इलाख्याच्या वाट्याच्या. राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवारांची निवड करावयाची, व त्यांतून सर्व मतदारांनी मिळून एकास निवडून द्यावयाचे, असे ठरले. करारावर आंबेडकरांनी सही केली ती एका माणसाचे प्राण आणि समाजाचे हक्क यांच्या कात्रीत सापडून. बाळूंनी केली ती मनापासून.

पुढील वर्षी, १९३३ मध्ये, बाळूंनी हिंदुमहासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढविली. परंतु यश आले नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात येवले येथे आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी धर्मांतरास उघड विरोध दर्शविला. तरुणपणी ज्याने मानपत्र लिहिले आणि ज्यास ते मिळाले, त्या दोघांच्या वाटा आता पूर्णपणे फुटल्या होत्या.

१९३५ च्या कायद्यान्वये मुंबईची विधानसभा १७५ जागांची झाली. त्यांत मुंबई शहरातील भायखळा व परळ मिळून एक सर्वसाधारण मतदारसंघ करण्यात आला. ई आणि एफ वॉर्ड म्हणून तो ओळखला जाई. या मतदारसंघातून एकाहून अधिक प्रतिनिधी निवडावयाचे होते आणि त्यांतील एक जागा राखीव होती. हा भाग म्हणजे कामकरी मुंबईचे काळीज. एके काळी परळला गव्हर्नरसाहेबांचा बंगला होता. प्लेगच्या काळात त्याच वास्तूत डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. सभोवती गिरण्यांची धुराडी, रेल्वेचे कारखाने आणि सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी उभ्या राहिल्या. कोकणातून व घाटावरून आलेले लक्षावधी लोक एका खोलीत आठ-दहा अशा दाटीने येथे राहत. १९२८ चा गिरणी कामगारांचा दीर्घ संप याच वस्तीने अनुभवला. आंबेडकरांचे वास्तव्यही वीस वर्षांच्या वर परळच्या ट्रस्टच्या चाळीत झाले होते. बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय येथल्याच दामोदर हॉलमध्ये होते. हा मतदारसंघ त्यांच्या घरचाच होता.

मताधिकार तेव्हा सर्वांस नव्हता. भाडे, मालमत्ता, शिक्षण अशा अटींवर तो ठरे. मतदानाची पद्धतही आजच्याहून निराळी होती. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदारास असत, आणि ती सर्व एकाच उमेदवारास देण्याची मुभा असे. संघटित लहान समाजास या पद्धतीचा लाभ होई, कारण विखुरलेल्या मतांपेक्षा एकवटलेली मते प्रभावी ठरत. आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला तो केवळ अस्पृश्यांचा पक्ष म्हणून नव्हे, तर शेतकरी व कामगार यांचा म्हणून. गिरणगावाच्या मतदारसंघात या नावाचा अर्थ निराळा सांगावा लागत नव्हता.

काँग्रेसला आंबेडकरांसमोर तोलामोलाचा उमेदवार हवा होता. चळवळीतील कार्यकर्ता उभा करून भागणार नव्हते. ज्याच्याविषयी अस्पृश्य समाजातही आदर असेल आणि सवर्ण मतदारही ज्यास ओळखेल, असा माणूस पाहिजे होता. हे वर्णन मुंबईत एकाच व्यक्तीस लागू पडत होते. बाळू तेव्हा साठीच्या घरात होते. मैदानावर त्यांना खेळताना पाहिलेली पिढी आता कर्ती होती. अशा रीतीने फेब्रुवारी १९३७ मध्ये भायखळा-परळच्या मतदारांपुढे दोन नावे आली. एकाच समाजदुःखातून वर आलेल्या दोन माणसांतून, आणि दुःख दूर करण्याच्या दोन मार्गांतून, निवड करावयाची होती.

निकाल लागला तेव्हा आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली होती. फरक २,०२० मतांचा. काँग्रेसची लाट सबंध इलाख्यात उसळली असताना आंबेडकर निवडून आले, हा त्यांच्या संघटनेचा व कर्तृत्वाचा विजय होता. तथापि पराभूत उमेदवाराच्या पदरात पडलेली अकरा हजारांहून अधिक मतेही लक्षात घेण्याजोगी आहेत. काही मते काँग्रेसच्या नावावर पडली, काही खेळाडूवरील प्रेमापोटी. पण ती पडली एका चर्मकाराच्या नावापुढे. चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यास विधानसभेत धाडण्यासाठी सवर्ण मतदार रांगेत उभे राहिले, हे त्या निवडणुकीने दाखविले. त्याचबरोबर दुसरीही गोष्ट दाखविली : आपला प्रतिनिधी कोण, याविषयी आंबेडकरांच्या अनुयायांचे मत पक्के होते, आणि संयुक्त मतदारसंघातही ते मत प्रभावी ठरू शकले. म्हणजे बाळूंनी ज्या व्यवस्थेचा पुरस्कार केला होता, त्याच व्यवस्थेत त्यांचा प्रतिस्पर्धी विजयी झाला.

या विजयाचा उपयोग आंबेडकरांनी कसा केला, हे विधानसभेच्या कामकाजात नमूद आहे. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढील वर्षी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांचा एक दिवसाचा संप घडवून आणण्यात पुढाकार घेतला. कोकणात कूळ असलेला आणि परळात गिरणीवर राबणारा मतदार बहुधा एकाच घरातला असे. दोन्ही लढे त्यास आपले वाटले. बाळूंनी मात्र पुन्हा अशी झुंज घेतली नाही. रेल्वेच्या नोकरीतून मोकळे झालेल्या या वृद्ध खेळाडूचे नाव वृत्तपत्रांतून हळूहळू दिसेनासे झाले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुढील वर्षीच्या डिसेंबरात बाबासाहेबही गेले.

त्यांच्यामागे मतदारसंघाची कहाणी चालूच राहिली. १९५२ पासून प्रौढ मताधिकार आला. १९६१ च्या कायद्याने एकाहून अधिक जागांचे मतदारसंघ संपुष्टात आले. परळ हा निराळा मतदारसंघ झाला. तेथील कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची १९७० मध्ये हत्या झाली आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार म्हणून निवडून आले. गिरण्या बंद पडल्या, वस्ती पालटली. २००८ च्या पुनर्रचनेत परळ हे नाव मतदारसंघांच्या यादीतून गेले.

बाळू पालवणकरांना कर्णधारपद मिळाले नाही आणि आमदारकीही मिळाली नाही. एका ठिकाणी जातीने अडविले, तर दुसऱ्या ठिकाणी मतदारांनी दुसऱ्याची निवड केली. या दोन अपयशांत महदंतर आहे. पहिल्यात अपमान होता, दुसऱ्यात नव्हता. मैदानावर त्यांचा निवाडा बंद दाराआड होत असे. भायखळा-परळात तो मतपेटीने, उघडपणे आणि बरोबरीच्या नात्याने केला. धारवाडात जन्मलेल्या, तीन रुपये पगारावर मैदान झाडलेल्या या माणसास निवडणूक हरण्याचा हक्क मिळाला, हेही त्या पिढीच्या झगड्याचे फळच म्हटले पाहिजे. आंबेडकरांच्या थोर चरित्रात बाळू एका ओळीत येतात. त्या ओळीमागे एक संपूर्ण आयुष्य उभे आहे, याची जाणीव वाचकांनी ठेवावी, इतके ऋण मराठी समाजावर निश्चितच आहे.